मुरूमच्या सत्कारात सरांनी मागे घेतलेला शोध

बिराजदार सरांची आणि माझी पहिली भेट टेबलाखाली झाली. संशोधनासाठी मी तामलवाडीहून धाराशिवला आले, तेव्हा सर प्रयोगशाळेच्या फरशीवर पालथे पडले होते. "जागच्या हलू नका! ग्राफीन पडलंय," ते म्हणाले. एका अणूच्या जाडीचा कार्बनचा तो थर ज्या चिपवर होता, ती तिळाएवढी. शेवटी ती सरांच्याच कोपराला चिकटलेली सापडली.

इलेक्ट्रॉनला फिरकीसारखा एक गुण असतो, त्याला स्पिन म्हणतात. कोबाल्टच्या चुंबकी टोकातून एकाच दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन ग्राफीनमध्ये सोडायचे आणि ती दिशा कुठवर टिकते ते पाहायचं, हा सरांचा ध्यास. एकदा तसा संकेत मिळाला. बातमी सरांच्या गावी, मुरूमला पोचली आणि सत्कार ठरला.

आदल्या दिवशी सरांनी पुन्हा पडताळणी केली. आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की स्पिन विस्कटतात आणि खरा संकेत मावळतो. आमचा ढिम्म हलला नाही. तो स्पिनचा नव्हताच. जोडणी तापत होती, त्याचाच तो परिणाम. माझा सगळा प्रबंध त्यावर उभा होता. मला रडू फुटलं.

"सत्कार रद्द करू या ना, सर."

"माणसं जमणार. त्यांना कोण सांगणार?" म्हणत सर निघालेच.

फेटा बांधून झाल्यावर ते माइकसमोर उभे राहिले. "तुळजापुरात मळवट भरून गाडीत बसलेल्यांपैकी सोलापूरला किती कपाळं तशीच उतरतात, असलं काहीतरी आम्ही मोजत होतो. मोजणी चुकली. शोध लागलेला नाही."

पुढच्या रांगेतले एक वयस्कर अण्णा उठले. "म्हंजी चूक गाडीची न्हाय ना?"

"नाही, माझी."

"मग बसा. फेटा सोडू नका, बांधायला लई येळ लागलाय. जेवण तयार हाय."

तिथून सर थेट तामलवाडीला आमच्या घरी आले. घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. ती थांबवून हिला आणखी एक वर्ष द्या, असं वडलांना म्हणाले.

"आन् पुन्यांदा खोटं निघालं तर?" वडलांनी विचारलं.

"तर जेवायला थांबणार नाही."

वडील हसले. वर्ष मिळालं.

नव्या जोडणीवर संकेत पुन्हा आला. सरांनी आडवं क्षेत्र वाढवलं, आलेख हळूहळू शून्यावर बसला, आणि सर ओरडले, "मेला! मेला!" शिपाई शिवाजीमामा धावत आले. "कोण गेलं, सर?" सरांनी भरल्या डोळ्यांनी शून्यावर बसलेल्या आलेखाकडे बोट दाखवलं.

सरांनी आता साठी ओलांडली आहे. आई भवानी त्यांना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य देवो. कामं पुष्कळ उरली आहेत, आणि आमच्या निकालांवर इतक्या प्रेमानं संशय घेणारं दुसरं कोणी आमच्याकडे नाही.