काळोखात तपासायची पट्टी

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी निफाडला हळदीच्या मांडवात कीबोर्डच्या वायरी जोडत होतो. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, एवढंच सांगितलं, "भाऊजी, झोपेतच गेले हो." त्या संध्याकाळी मी काय वाजवलं ते विचारू नका... आता महिना होत आला. रडू कमी येतं, भीतीच जास्त वाटते.

नाशिकरोडला जिन्याखालच्या खोलीत मधूचं दुकान. आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांचे जुने जपानी कीबोर्ड त्याच्याच जिवावर चालत. त्यांच्या छोट्या पडद्यामागे कागदासारखी पातळ, उजेडाची पट्टी असते. काही वर्षांनी ती विझते. मग स्टेजवर कुठला आवाज लागलाय ते दिसत नाही आणि ऐन मंगलाष्टकांत ढोल वाजतो. माझं तसं झालं होतं, मधूने पुढे वर्षभर मला 'ढोलवाले' म्हणून छळलं. नवी पट्टी तो मुंबईहून मागवायचा, मापात कापायचा आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावायचा, कारण तिला शंभरेक व्होल्ट लागतात, उघडं टोक बोटाला चांगलाच झटका देतं. मग तपासणी. त्यासाठी पूर्ण काळोख हवा, डाग आणि फिकी कड उजेडात कळत नाही. भरदुपारी तो खिडकी लावून दारावर घोंगडी टाकायचा आणि मगच बटण दाबायचा.

एका दुपारी त्याने बटण दाबलं. पट्टी निळसर हिरवी, छान पेटली होती. "लागत नाहीये रे," तो म्हणाला, "वायर सुटली वाटतं." मला वाटलं, थट्टा करतोय. मग त्या उजेडात त्याचा हात चाचपत वायर जोडलेल्या उघड्या टोकाकडे सरकताना दिसला आणि मी ओरडून त्याचं मनगट धरलं. "मधू, पेटलीय ती!" मग त्याने खरं काय ते सांगितलं. साखरेने त्याचे डोळे खाल्ले होते, लख्ख उजेडात तो कसंबसं भागवत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

"सुनंदाला सांगू नकोस. काम बंद करायला लावेल," तो म्हणाला. मी त्याच दिवशी सांगितलं. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "काम काढून घेतलं तर उरतील का ते? करू द्या. पण काळोखात एकटे नकोत."

तेव्हापासून प्रत्येक तपासणीला मी शेजारी. पट्ट्या तो बोटांनी चाचपून बसवायचा, पण आयुष्यभर ज्या काळोखात काम केलं त्यालाच आता घाबरायचा. घोंगडी टाकली की माझा हात घट्ट धरायचा. "पेटली की लगेच सांग रे," म्हणायचा, "मधे थांबत जाऊ नकोस... मला वाटतं, आता तुलाही दिसत नाहीये." मी डाग बघायला जरा जास्त वेळ घेतला की त्याची नखं रुतायची. त्याची भीती मला कधी लागली, कळलंच नाही.

परवा वहिनींनी दुकानात बोलावलं. टेबलावर एक कीबोर्ड होता, मधूने शेवटी हातात घेतलेला. पट्टी बसवून झाली होती, तपासायची राहिली होती. मी म्हटलं, "राहू द्या वहिनी, पुन्हा कधीतरी." त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच खिडकी लावली, घोंगडी टाकली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी बटण दाबलं... पुढे बघायचा धीर होईना.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "डोळे उघडा. लागलीय."