कोरफडीचा कडू चीक
चेहऱ्याला गर लावायचा म्हणून आज सकाळी कुंडीतलं कोरफडीचं पान कापलं, कडू पिवळा चीक गळून जावा म्हणून वाटीत उभं ठेवलं, आणि त्या उग्र वासानं नागपूरच्या घरातली उन्हाळ्यातली एक दुपार आठवली. मी अंगठा चोखायची, आणि शाळा सुरू व्हायच्या आत ही सवय मोडायचीच, असं घरात ठरलं होतं. त्यावरून मला कधीच रागावली नाही ती फक्त आत्या. कूलरसमोर बसवून ती रोज माझ्या घामोळ्यांवर कोरफडीचा थंडगार गर लावायची. त्या दुपारी म्हणाली, "आण वं बाई, हातालेही लावू." मी खुशीत हात पुढे केला. जरा वेळानं आडवी होऊन अंगठा तोंडात घातला, तर घशापर्यंत कडूजहर. तिनं गर नव्हे, चीक चोळला होता. थुंकत, रडत मी आत्याकडेच धावले, तर ती तोंडाला पदर लावून हसत होती. दारामागून आईनं विचारलं, "जमलं का वं?" सवय त्याच दिवशी सुटली. पण अजूनही कुणी लाडानं "हात दे" म्हटलं, की मी आधी कारण विचारते, "काहून?"