उतरत्या बॅटरीवरचं शेवटचं गाणं

त्या चौघांच्या पहिल्या स्टुडिओ अल्बममधला ड्रम रिकाम्या पिंपावर काठी मारल्यासारखा वाजतो, आणि तरीही माझ्या मते त्यांचा तोच सगळ्यात प्रामाणिक स्टुडिओ अल्बम आहे. घाईत केला असावा. घाईत माणसाला भारदस्त व्हायला सवड मिळत नाही. तिसऱ्या अल्बमपर्यंत त्यांना सवडही मिळाली आणि पैसाही, आणि हे दोन्ही आले की रॉक बँडमध्ये व्हायोलिनं येतात. समुद्रावरचं एक लांबलचक गाणं आहे त्यात. ते ऐकताना समुद्रकिनारी गेल्यासारखं वाटत नाही, समुद्राच्या गौरवार्थ भरलेल्या सभेत बसल्यासारखं वाटतं. पाचव्या अल्बमात लहान मुलांचा कोरस आहे. त्याविषयी न बोललेलं बरं.

त्यांचं खरं काम म्हणजे तो एकमेव जुना लाइव्ह अल्बम. चौथ्या गाण्यात गायक सुरावरून घसरतो. एका ठिकाणी गिटारवाला लवकर आत शिरतो आणि मग चूक कळलेल्या पाहुण्यासारखा दारात थांबून राहतो. पुढच्या रांगेत कोणीतरी खोकतं. हे सगळं ऐकू येतं म्हणून तो अल्बम मला आवडायचा. आवडायचा म्हणतो, कारण मध्यंतरी त्यांनी तो सुधारून पुन्हा बाजारात आणला. गायकानं म्हातारपणी स्टुडिओत उभं राहून तरुणपणची चूक दुरुस्त करून घेतली. गिटारवाला आता वेळेवर येतो. खोकणारा गेला. टाळ्या मात्र वाढल्या.

यातली निम्मी मतं माझ्या मित्राची आहेत. तो मूळचा बोरी अरबचा, घरी कपाशी आणि तुरीचं वावर. मी यवतमाळचा, वडील कचेरीत, पुढे मीही कचेरीत. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. आता तो पुण्यात असतो, संगीतावर पॉडकास्ट करतो, आणि त्याचे भाग लोक फोनवर ऐकतात. या हिवाळ्यात आमच्याच कॉलेजानं त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. आभारप्रदर्शन माझ्याकडे आलं, कारण गावात राहिलेल्या माणसाकडे शेवटी आभारप्रदर्शनच येतं.

मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. माझ्याजवळची एक कॅसेट त्यानं माझ्याशेजारी बसून एकदा ऐकावी. त्याचे वडील कॅमेऱ्याचे फोन यायच्या आधीच गेले. मागे एकदा फोनवर तो म्हणाला होता, "फोटो ढीगभर आहेत बे. बाबांचा आवाजच नाई कुठं." मी त्याला तेव्हा काही सांगितलं नाही. आवाज माझ्या कपाटात होता, आणि तो समोर बसल्यावरच लावायचा असं मी ठरवून टाकलं.

ती कॅसेट झाली ती अशी. त्याचा मावसभाऊ नागपूरहून बोरीला त्या लाइव्ह अल्बमची कॅसेट घेऊन आला होता आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होता. त्याच्या आत आम्हाला कॉपी करून घ्यायची होती, आणि भारनियमनात दुपारभर लाइट नव्हते. मग मित्रानं उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून खोलीत आणली. तिच्यावर जुन्या जीपमधला कारटेप जोडला, आणि त्याच्या स्पीकरसमोर माझा छोटा टेपरेकॉर्डर ठेवला, तो नव्या सेलवर. दार लावून आम्ही श्वास रोखून बसलो.

बॅटरी मुळातच थकलेली होती. दहादा किल्ली फिरवावी तेव्हा कुठे ट्रॅक्टर सुरू व्हायचा. गाण्यागणिक ती उतरत गेली, कारटेप हळू फिरत गेला आणि गायकाचा आवाज जाड होत गेला. माझे सेल नवे असल्यानं माझ्या कॅसेटवर हे सगळं इमानेइतबारे उतरलं. शेवटचं गाणं तर काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर बैल चालतो तसं चाललं होतं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मूळ चाल ठाऊक असायला ती आधी कुठेतरी ऐकलेली असावी लागते.

त्या शेवटच्या गाण्याच्या मध्यावर दार धाडकन उघडतं आणि त्याचे वडील विचारतात, "बॅटरी कोनं काढली बे?" मग क्षणभर फक्त बँड. मग पुन्हा, "तिकडे सरकीचे पोते भरून उभे आहेत, अन् तुमी इथं रडनं ऐकून राह्यले? कोन मेलं त्याचं?"

मित्राचा आवाज येतो, "बाबा, रेकॉर्डिंग चालू आहे."

"त्याच्यात माझं बी घे मंग. बॅटरी आन."

एवढंच. त्यानंतर गाणं तुटतं, कारण बॅटरी गेली.

पुढची कित्येक वर्षं मित्र त्या मंद गाण्यावर बोलत होता. कॉलेजच्या भित्तिपत्रकात त्यानं लिहिलं, की हे लोक मैफलीच्या शेवटी जाणूनबुजून संथ होतात, त्यांना टाळ्यांची घाई नाही. आमच्या सरांनी त्याखाली लाल शाईनं 'सुंदर' असं लिहिलं. स्टुडिओतलं तेच गाणं आम्हाला पुढे मिळालं तेव्हा ते चांगलंच धावतं निघालं, वरातीत वाजवलं असतं तर नवरदेवाचा घोडा बिचकला असता. त्यावर आमचं मत झालं, की स्टुडिओत त्यांच्यावर कंपनीचा दबाव असावा. लाइव्ह अल्बमची सीडी हातात आल्यावर कळलं, की लाइव्हमध्येही ते धावतंच आहे, शिवाय आमच्याकडे नव्हता तो पुढचा अर्धा भागही आहे. दबाव ट्रॅक्टरचा होता. त्या दिवशी मित्र इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मला वाटतं, त्या बँडनं आम्हाला दिलेला तो सगळ्यात चांगला दिवस.

तर या हिवाळ्यात तो आला. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा बंद करायचं कोणाला सुचलं नाही, त्यामुळे पाच मान्यवर एका वातीभोवती ओंजळी धरून उभे होते. परिचयात त्याचा उल्लेख 'स्वरयात्री' असा झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, संस्थेच्या अध्यक्षांनी आपण तरुणपणी बासरी वाजवत असू असं सांगितलं. मग तो बोलायला उभा राहिला.

चांगलं बोलतो तो. "माझी आवड घडवली माझ्या वडिलांनी," तो म्हणाला. "दिवसभर शेतात राबून आले, की हातपाय धुवायच्या आधी म्हणायचे, लाव रे ते तुझं गाणं. शब्द कळत नसत त्यांना. पण डोळे मिटून बसायचे. एकदा माझ्यासाठी त्यांनी स्वतः ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली. म्हणाले, काम थांबलं तरी चालेल, गाणं थांबायला नको."

सभागृहात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. खिशातल्या कॅसेटवर माझा हात होता. सुधारून काढलेला अल्बम आम्ही सगळे समोरासमोर ऐकत होतो. घसरलेला सूर नव्हता, खोकणारा नव्हता, दाराचा धाडकन आवाज नव्हता. मीही नव्हतो, पण मी कोरसातलाच होतो, त्याचं फारसं काही नाही.

मी आभार मानले. मंडपवाल्याला विसरलो नाही.

जेवणं आटोपल्यावर मी त्याला म्हटलं, "चाल, गाडीत दहा मिनिटं बस. काहीतरी ऐकवाचं आहे तुले."

"अरे, चार वाजता निघायचंय मला."

"तुह्या बाबाचा आवाज आहे."

तो आला. माझ्या जुन्या गाडीत अजून कॅसेट वाजते, हे तिचं एकमेव मोठेपण. लोहाऱ्याच्या रस्त्याला एका झाडाखाली गाडी उभी करून मी शेवटचं गाणं लावलं. त्यानं शाल मांडीवर घडी करून ठेवली होती. गाणं सुरू झालं तसा तो हसला. "अबे, हे अजून आहे तुह्यापाशी?" एवढं एक वाक्य तो जुन्या बोलीत बोलला आणि मला वाटलं, झालं आपलं काम.

दार उघडल्याचा आवाज आला. वडील बोलले. रडनं ऐकून राह्यले, कोन मेलं त्याचं, बॅटरी आन. गाणं तुटलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचा हात टेपच्या बटणाकडे गेला आणि परत आला.

मी म्हटलं, "आज तं लयच प्रेमळ करून टाकलं तू बुढ्याले."

"लोकांना गोष्ट लागते रे," तो म्हणाला. मग मांडीवरची शाल सारखी करत, "हे मला पाठव. आमच्या स्टुडिओत स्पीड नीट करून घेतो. मग एका भागात वापरता येईल."

"स्पीड गाण्याचा चुकला आहे. बाबाचा बराबर आहे. गाणं सरळ केलं तं बाबा चिमणीवानी बोलतीन."

त्यानं त्यावर खरंच विचार केला. कामाची अडचण समोर आली की माणूस करतो तसा.

"मग तेवढा आवाज काढून टाकता येतो," तो म्हणाला. "आजकाल सहज होतं ते. मागे कोणी बोललंय, कळतही नाही."

मी कॅसेट बाहेर काढली, डबीत घातली आणि गाडी सुरू केली. सभागृहाच्या फाटकाशी त्याची गाडी उभी होती. अध्यक्ष हार घेऊन पुन्हा थांबले होते, कारण निरोपाचा फोटो राहिला होता. उतरताना तो म्हणाला, "पाठव मग नक्की."

मी हो म्हटलं. अजून पाठवलेली नाही. परवा त्याचा मेसेज आला, बाबांवरचा भाग तयार झालाय, तुझ्या कॅसेटशिवाय भागवलं, जरूर ऐक. मी ऐकला. मागे हळू आवाजात व्हायोलिन आहे.