गाठोड्याचं नाव

रेकॉर्डिंग स्टुडिओत तिला सगळे गाठोडेबाई म्हणत. काचेच्या खोलीत बसून लोक धडे वाचत, चहा पिऊन निघून जात, आणि मागच्या खोलीत ही त्यांचे दिवसभराचे आवाज गोळा करून, दाबून, एकाच फाईलीत बांधून साठवणीच्या मशीनवर पाठवी. समोर संगणकाच्या पडद्यावर काळी खिडकी, तीत पांढरी अक्षरं. माऊसला हात लावायचं काम नाही, हुकूम टाईप करायचा की झालं. "बाई, माझा आवाज जरा सैल बांधा हं, घसा दुखतोय," असं कुणीतरी म्हणे आणि ती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसे. हसून घ्यायची जागा तेवढीच होती. घरी सासूबाई होत्या.

"तुझ्या हातचं पाणीसुद्धा करपतं," असं म्हणणाऱ्या सासूबाई. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या वन्सं येऊन त्यात भर घालायच्या, "आमच्या आईला हिनं कधी सुखाचा घास दिला नाही." नवरा अशा वेळी मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसायचा. भावजी परगावी, त्यामुळे फोनवरून फार प्रेमळ.

सासूबाईंच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा हिनंच मालकांना विचारून स्टुडिओतलं छोटं रेकॉर्डर घरी आणलं आणि दुपार-दुपार सासूबाईंना बोलतं केलं. सासूबाई बोलल्या काय, तर जुनी भांडणं, नातेवाइकांची उणीदुणी, आणि मधूनमधून हिलाच, "ते यंत्र नीट धर, धांदरट."

पण ऑपरेशनला निघायच्या सकाळी, बॅग दाराशी, गाडी खाली उभी, नवरा गाडीवाल्याशी बोलायला गेलेला, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "लाव ते तुझं." आणि बोलल्या, "पोरांनो, ऐका. माझं ओकलेलं हिनं काढलं, मला न्हाऊ हिनं घातलं. मी हिला जन्मभर टोचून बोलले. ही नसती तर तुमच्या भरवशावर मी केव्हाच गेले असते."

रेकॉर्डिंगं स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवताना ही शेवटची फाईल तिनं पहिल्या नंबरवर बसवली. जो कुणी ऐकेल त्याच्या कानात आधी हेच पडलं पाहिजे. रेकॉर्डरमधलं सगळं पुसून ते परत केलं. स्टुडिओच्या मशीनवर खासगी काही ठेवायचं नाही असा नियम होता, आणि ती नियम पाळणारी होती.

सासूबाई वाचल्या. गळ्याला भोक, भोकात नळी, हातात पाटी आली. धार मात्र तीच राहिली. भात पुढे आला की पाटीवर उमटे, "मीठ पुन्हा विसरलीस?"

एका रविवारी भावजी पेनड्राईव्ह घेऊन आले. "वहिनी, आईचा आवाज मला द्या बांधून."

"मलाही," वन्सं म्हणाल्या. "ऐकू तरी, आईला काय काय बोलायला लावलंय हिनं."

ती फाईल तिथंच वाजवता आली असती. पण तिला ते नको होतं. वन्संनी आपल्या घरी, आपल्या नवऱ्यासमोर, आपल्या मुलांसमोर ती लावावी, आणि मग तिथं त्यांचा चेहरा पाहण्यासारखा व्हावा, हा आनंद ती कित्येक दिवस जिभेवर घोळवत होती. आताही तोच घोळवत ती लॅपटॉपसमोर बसली.

स्टुडिओत कुणीतरी करून ठेवलेला छोटा प्रोग्राम होता. एक शब्द टाईप केला की बांधायच्या गाठोड्याला तारखेचं नाव तो आपोआप देई. घरी सगळं हातानं. आधी 'टार' हा गाठोडं बांधायचा हुकूम, मग बांध-आणि-दाब सांगणारी अक्षरं, मग गाठोड्याचं नाव, मग आत काय काय घालायचं ते.

"वहिनी, माझी गाडी आहे. स्वेटर विणताय का?"

"येतंय हो भावजी," म्हणत तिनं 'आवाजाच्या सगळ्या फाईली' अशा अर्थाची चांदणीची खूण ठोकली आणि एंटर दाबलं.

गाठोड्याचं नाव द्यायचं राहिलं होतं. अशा वेळी मशीन थांबत नाही, विचारतही नाही. यादीतली पहिली फाईल तेच गाठोडं समजतं, तिच्यातलं सगळं पुसतं आणि बाकीच्या फाईली तिच्यात कोंबतं.

पहिली फाईल वाजेना. तिनं ती गाठोड्यासारखी उघडून पाहिली. आतून दुसरी निघाली, तिसरी निघाली, सगळी भांडणं, सगळी उणीदुणी धडधाकट बाहेर आली. त्या सकाळचा आवाज तेवढा कुठेच नव्हता.

"काय झालं?" भावजींनी विचारलं.

"एक गेली."

"बाकीच्या आहेत ना? मग द्या की."

"काय होतं तीत?" वन्संनी विचारलं.

तिनं सांगितलं. शब्द न शब्द.

वन्सं आधी भावजींकडे बघत राहिल्या, मग खो खो हसल्या. "आई असं म्हणाली? आणि नेमकी तीच गेली? वा गं वहिनी!"

नवऱ्यानं मोबाईलमधून मान वर केली आणि परत खाली घातली.

"आई," ती सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली, "तुम्हीच सांगा."

सासूबाईंनी पाटी मांडीवर ओढली. परगावच्या मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. ते बोलताना आपण परत येऊ असं त्यांना वाटलं नव्हतं. आता त्या परत आल्या होत्या आणि पोटची पोरं समोर होती. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, "मी नाही बोलले."

तिनं परत जाऊन हुकूम टाईप केला. या वेळी नाव दिलं, 'आई'. भावजी पेनड्राईव्ह खिशात टाकून गाडी गाठायला गेले. वन्संनी आपल्या वाट्याच्या फाईलींतली एक तिथंच लावली. खोलीभर सासूबाईंचा जुना, खणखणीत आवाज घुमला, "ते यंत्र नीट धर, धांदरट." वन्सं हसल्या. सासूबाईही हसल्या, आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

वन्सं गेल्यावर सासूबाईंनी पाटीवर टकटक केली. नळी साफ करायची वेळ झाली होती. हे काम दुसऱ्या कुणाला जमत नसे, किंवा जमवून घ्यायचं नसे. तिनं कोमट पाणी आणलं, हात धुतले, कापूस भिजवला, दार लोटून घेतलं. सासूबाईंनी मान मागे टाकून गळा पुढे केला.

रोज या वेळी त्या डोळे मिटून घेत. आज त्यांनी ते उघडे ठेवले, तिच्या हातांवर.