ब्रेककाकांची रंगीत तालीम

आमच्या इमारतीतले ब्रेककाका जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवत होते. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून उभी हयात गेल्यामुळे निवृत्तीनंतरही काकांचा पाय काही मोकळा होईना. शेजारीण जिना जरा घाईत उतरली, की इकडे यांचा पाय फरशीवर दाबला जाई.

अशा माणसाचा जगावर भरवसा कसा बसणार? "उद्या वीज गेली, दुकानं ओस पडली, सरकारचाही पत्ता नाही, तर काय कराल?" असं ते जिन्यात गाठून विचारत. आम्ही म्हणायचो, "काका, आधी झोप पुरी करू." पण माणूस चिवट. तळघरात त्यांनी धान्याची पिंपं, कोळसा, औषधं जमवली, जमिनीखालच्या टाकीला हातपंप बसवला, गच्चीवर भाज्या लावल्या आणि दर महिन्याला 'सगळं बंद'ची रंगीत तालीम सुरू केली.

तालीम कसली, एकपात्री प्रयोग! शिंपीणबाईंनी पंपाला हात लावला, की "अहो, झटका नको!" म्हणत काका दांडा हिसकावून घेत. दातांच्या डॉक्टरांनी शेगडी पेटवायला घेतली, की फुंकर मारून काडी विझवत. आम्ही भोवती उभे राहून बुडत्या जगाची मजा बघत असू.

शेवटी सेक्रेटरी वैतागले. "काका, तुम्हाला सर्दी झाली की इमारत आडवी! या रविवारी लोकांना तुमच्याशिवाय जमलं तर ठीक, नाहीतर तळघर स्कूटरना."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. रविवारी सकाळी काकू म्हणाल्या, "गच्चीवरचं टाकीचं झाकण बघून येता का जरा?" काका लिफ्टमध्ये शिरले. पहिला मजला गेला आणि खट्! अंधार. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. काकांचं नाक बरोबर दुसऱ्या मजल्याच्या फरशीला लागलेलं.

"अहो, मी आत आहे!"

"माहितीये," समोरून जाणाऱ्या शिंपीणबाईंच्या चपला म्हणाल्या. "काकूंनी सांगितलंय, आधी पाणी, मग तुम्ही."

"बादली अर्धीच भरा! पंप सावकाश!" काका ओरडत राहिले. चपला, बूट, सपाता निवांत ये-जा करत होत्या. तेवढ्यात डॉक्टरांचा बूट घसरला आणि जाळीतून पाणी थेट काकांच्या डोक्यावर. काकांनी पाय करकचून दाबला. काहीही थांबलं नाही. बादल्या वर जातच राहिल्या.

मग धुराचा वास आला. मग नुसताच खोकला. मग चहाचा वास. जाळीतून एक पेला आत आला.

"साखर कमी आहे," काका म्हणाले.

"जग बुडालंय काका, घ्या चालवून!" डॉक्टर म्हणाले आणि वीज नसताना लिफ्ट उतरवायचं गच्चीवरचं चाक हाताने फिरवायला वर गेले. आजवर काकांनी त्या चाकाला कुणाला बोटही लावू दिलं नव्हतं. पहिला हिसका जोरात बसला, दुसरा कमी. मग लिफ्ट हळूहळू, न अडखळता उतरू लागली. चहा सांडला नाही. काकांनी खाली पाहिलं, तर पाय मोकळा होता.

तळाशी सेक्रेटरी उभे होते. "स्कूटर राहू देत बाहेरच," ते म्हणाले. त्यांचेही हात कोळशाने काळे झाले होते.

काकू मेन स्विचपाशी स्टूल टाकून बसल्या होत्या.

"म्हणजे मला अडकवलंस तू?"

"मी पण तुमच्याच हाताखाली गाडी शिकले ना," काकूंनी त्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकला. "तुम्हाला ब्रेक कुठे लावायचा, मला नाही तर कुणाला कळणार?"