दोरोने न बघितलेला मोसम

ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात खिशात रेडिओ ठेवून एका कानाने पाद्रीबाबा आणि दुसऱ्या कानाने आपल्या लाडक्या अलोन सार्डिन संघाचा सामना ऐकला, तोच दोरो यंदा सामना सुरू झाला की घरातून उठून बाहेर जायला लागला. आमच्या गल्लीची मतीच गुंग झाली.

दोरो बूट करणारा. आमच्या मारिकिना गावात दर दुसऱ्या घरात बूटच होतात, त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते त्याचं बास्केटबॉलचं वेड. तोंडात बारीक खिळे धरून, मांडीवर बूट उपडा घेऊन तो टीव्हीसमोर बसायचा आणि अलोनच्या कुणी सोपा चेंडू हुकवला की खिळ्यांसकट शिव्या द्यायचा. त्याची बायको इल्यांग आतून ओरडायची, "गिळशील एखादा खिळा, मग येईल का तुझी अलोन दवाखान्यात न्यायला?" तिला त्या खेळाचा भारी तिटकारा. देवाने एवढी उंची दिली तर आंबे काढायचे सोडून हे काय, असं तिचं म्हणणं.

मी पुरिंग, त्यांच्या समोरची दुकानदारीण. तेल, तांदूळ, साबण आणि गल्लीतल्या बातम्या, सगळं माझ्याकडे मिळतं. इल्यांग माझ्या मुलीची धर्ममाता, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कुमारे म्हणतो, आणि दोरो आपसूक माझा कुम्पारे झाला. आधीच सांगून टाकते, मी बुलकान रम संघाची; आमच्याकडे संघांना मालक कंपन्यांचीच नावं असतात, कुणी दारूवाले, कुणी डबाबंद मासेवाले. आमची जवळजवळ सगळी गल्ली बुलकानचीच. अलोनचं नाव निघालं की आम्हाला हसू यायचं, कारण अलोन दरवर्षी नेमाने हरायची आणि दोरो दरवर्षी नेमाने म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघा."

मग इल्यांगच्या काळजाची झडप निकामी झाली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर दोरोला म्हणाले होते की फार आशा ठेवू नका. पण ती वाचली. घरी आली, भाताची पेज प्यायली, भिंतीला धरून चालायला लागली. नवा मोसम सुरू झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता परत खिळ्यांसकट शिव्या ऐकू येणार. तर पहिल्याच सामन्याला दोरो उठला, रस्ता ओलांडून आला आणि माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर, माझ्या टीव्हीकडे पाठ करून बसला.

"काय हो कुम्पारे, भांडलात का?"

"नाही."

"टीव्ही बिघडला?"

"नाही. तुमचा आवाज जरा कमी करा."

दर सामन्याला हेच. गल्लीने आपापले अर्थ लावले. कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला, कुणी म्हणालं बाहेर काहीतरी भानगड आहे. साठी उलटलेला, हाताला कायम डिंकाचा वास येणारा माणूस कसली भानगड करणार, पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

एक दिवस इल्यांगच आली. साबण मागितला आणि तिथेच उभी राहिली. "कुमारे, खरं सांग. याचं कुठे काही आहे का? मी शेजारी जाऊन बसले की हा उठतो. मी इकडे, हा दाराबाहेर. मी एकटीच त्या लंबूटांगांकडे बघत बसते."

"तू? तू सामना बघतेस?"

तेव्हा तिला रडू फुटलं. ऑपरेशनला आत नेताना तिने अंतिपोलोच्या डोंगरावरच्या चर्चमधल्या माउलीला नवस केला होता: आयुष्यभर याच्या आनंदावर करवादले, या खेपेला वाचव, यापुढे अलोनच्या एकूण एक सामन्याला त्याच्या शेजारी बसेन. माउलीने आपली बाजू पाळली. आणि हिला पाळता येईना, कारण शेजारी बसायला शेजार तर हवा! "नवस मोडला तर दिलेलं परत घेते ती," इल्यांग छातीवर हात ठेवून म्हणाली. "त्याला सांगू नकोस हं. सांगून बसवला तर तो नवस कसला?"

मी शपथ घेतली. दोनच दिवसांनी सामन्याच्या वेळी दोरो बाकड्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "कुमारे, ऐकणं म्हणजे बघणं होतं का हो?"

मी म्हटलं, हे काय नवीन?

तर यानेही नवस केला होता! दवाखान्यातून निघून अनवाणी डोंगर चढून अंतिपोलोला गेला होता. माउलीला द्यायला याच्याकडे काय होतं? सगळ्यात आवडतं तेच दिलं. इल्यांग जिवंत आहे तोवर अलोनचा एकही सामना बघणार नाही. "बघणार नाही म्हणालो की नाव काढणार नाही म्हणालो, तेच नीट आठवत नाही. रडत होतो हो. म्हणून कानसुद्धा लांबच ठेवतो. तिला सांगू नका. तिला वाटेल मी आता तिच्या मरणाची वाट बघतोय."

झालं. दोघांचे दोन नवस, एकमेकांच्या मुळावर उठलेले, आणि दोन्ही माझ्या पोटात. ही बसली नाही तर हिचा जीव जाणार, हा बसला तरी हिचाच जीव जाणार. मला तेव्हा दुकानात मीठ मागितलं तर मी साखर देत होते.

त्यात मोसम निम्म्यावर आला आणि सार्डिन कंपनीने संघच विकून टाकला. तिबाय रंगवाल्यांनी घेतला. खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच, फक्त निळ्या बनियनच्या जागी पिवळे आले आणि अलोनचं नाव झालं तिबाय. आणि रंगवाल्यांचा पायगुण म्हणा, जन्मभर हरलेला संघ जिंकायला लागला.

दोरोची झोप उडाली. नवस अलोनचा होता, आणि अलोन तर आता जगात उरलीच नव्हती! तो कुलास न्हाव्याकडे गेला आणि म्हणाला, "समजा, एखाद्या माणसाने नवस केला..." तो एखादा माणूस कोण, हे त्याच्या गालाला साबण लागायच्या आत सगळ्यांना समजलं.

"बिनधास्त बघा," कुलास म्हणाला. "तिबायबद्दल काही बोलला होतात का? नाही ना? मग झालं."

"अरे, डब्यातले मासे रंगाच्या डब्यात घातले म्हणून मासे बदलतात का?" खुर्चीवरचा दुसरा म्हणाला.

"मग माउलीने संघ विकायला लावला तो कशासाठी? याला मोकळं करायलाच ना?"

दोरो तसाच अर्ध्या दाढीने फादर नोनोयकडे गेला. फादर सगळं ऐकून म्हणाले, "दोरो, यात मी निवाडा देणं बरोबर नाही. मी स्वतः लहानपणापासून अलोनचा आहे." तिथून तो पुन्हा डोंगर चढून अंतिपोलोला गेला. परत आला तेव्हा पायाला फोड, आणि चेहरा मघापेक्षा जास्त गोंधळलेला. "काही बोलली नाही हो. नेहमीसारखीच बघत होती."

आता गल्लीत एकट्या इल्यांगला सोडून सगळ्यांना दोरोचा नवस माहीत झाला होता. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळण्यापेक्षा म्हटलं, जाऊ दे ती शपथ. मी दोरोचं बखोट धरलं, रस्ता ओलांडला आणि त्याला इल्यांगपुढे उभा केला.

"दोघंही ऐका. कुमारे, तू जिवंत आहेस तोवर अलोन बघणार नाही असा यांनी नवस केलाय. आणि कुम्पारे, तुम्ही ऐका. वाचले तर प्रत्येक सामन्याला तुमच्या शेजारी बसेन असा हिने केलाय. आता तुम्ही आणि तुमची माउली बघून घ्या, माझं डोकं उठलं."

इल्यांग म्हणाली, "मूर्खा, कुणाला विचारून केलास?"

"तू कुणाला विचारलंस?"

"मी मरत होते!"

"म्हणूनच केला ना!"

दोघंही हसायला लागली, आणि हसता हसता दोघांचेही चेहरे उतरले. कुणाचा तरी एक नवस मोडणारच, हे दोघांना एकदमच उमगलं. दोरोने तिचा हात धरला तो सोडेचना. मला तिथे उभं राहवेना.

यातून वाट काढली ती इल्यांगने. त्यांच्या घराला रस्त्याच्या बाजूने काचपट्ट्यांची खिडकी आहे. तिने आपली खुर्ची आतून खिडकीला लावली आणि दोरोला बाहेरून खिडकीखाली स्टूल टाकायला लावलं, रस्त्याकडे तोंड करून. मधे फक्त भिंत. फादरना विचारलं. या वेळी ते चटकन म्हणाले, "भिंतीपलीकडच्याला आपण शेजारीच म्हणतो ना? मग शेजार झाला." तर ती आतून बघणार, तो बाहेर तिच्या शेजारी बसणार, आणि ती जे दिसेल ते त्याला सांगणार. ऐकण्यावर बंदी नाही, असं सर्वानुमते ठरलं.

पण सांगणारी इल्यांग!

"आपल्या टकल्याने चेंडू घेतला. दुसऱ्याला दिला. का दिला कोण जाणे, छान धरला होता."

"गुण किती झाले?"

"कोपऱ्यात आकडे आहेत."

"मग वाच की!"

"वाचणारच होते. तुझ्याशी बोलेपर्यंत बदलले."

"फाउल कुणाचा?"

"त्या दाढीवाल्याचा. बिचारा नाही नाही म्हणतोय, मला वाटतं खरंच त्याने काही केलं नाही."

"आपला आहे का तो?"

"थांब, बघते. सगळे घामाने सारखेच दिसतात."

दोरो कपाळ बडवून घ्यायचा. पिवळे आपले की निळे, हे तिच्या डोक्यात काही केल्या बसेना. निम्मा सामना ती जुन्या सवयीने निळ्यांचं कौतुक करायची, आणि दोरोला वाटायचं आपण पुढे आहोत. हळूहळू आम्हीही आपापल्या टीव्हीचा आवाज बंद करून इल्यांगचंच ऐकायला लागलो.

तिबाय आठव्या नंबरवर राहून कशीबशी बाद फेरीत पोचली. आठव्याने पहिल्या नंबरवाल्याला लागोपाठ दोनदा हरवायचं, पहिल्याला मात्र एकदा जिंकलं तरी पुरे. तिबायने एकदा हरवलं, गल्लीत फटाके वाजले आणि इल्यांग टीव्ही बंद करून उठली.

"अगं, परवा परत खेळायचंय त्यांच्याशीच," दोरो बाहेरून म्हणाला.

"हरवलं ना त्यांना? मग परत कशाला? एकदा मेलेल्याला परत मारतात का?"

"आठव्याला असंच असतं, इल्यांग."

तिबायने परत मारलं. मग उपांत्य फेरीही जिंकली, आणि अंतिम फेरीत समोर कोण? माझी बुलकान, तीही निळ्या बनियनची. सातांपैकी चार जिंकायचे होते; तीन-तीन झाले आणि सातवा सामना रविवारी संध्याकाळी आला. गल्लीत कुणी घरात नव्हतं. मी दुकानाला कुलूप लावून, डुकराच्या तळलेल्या कुरकुरीत कातडीची पिशवी घेऊन इल्यांगच्या खिडकीशी उभी राहिले. खरं सांगायचं तर दोरोचा चेहरा पडलेला बघायला आले होते. वर्षानुवर्षं त्याचं "पुढच्या वर्षी" ऐकलं होतं मी.

शेवटचं मिनिट लागलं. बुलकान एका गुणाने पुढे. दोरो स्टुलावर मुठी आवळून रस्त्याकडे बघत होता, आणि आतून इल्यांगचा आवाज येत होता. "टकल्याकडे चेंडू आहे. पिवळा तो, पिवळे आपले, मला माहीत आहे, ओरडू नकोस. तो चाललाय. उडाला. फेकला. चेंडू रिंगवर..."

आणि आवाज थांबला.

"इल्यांग?"

काही नाही.

"इल्यांग!"

स्टूल उलटं पाडून दोरो धावला. त्याला वाटलं, माउलीने परत घेतलं. मी खिडकीतून सगळं बघत होते. तो आत गेला, इल्यांगच्या पुढ्यात, टीव्हीकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला आणि तिच्या छातीला कान लावला. त्याच्या मागे अख्ख्या मोसमाचा शेवटचा खेळ चालला होता. रिंगवर आदळलेला चेंडू बुलकानवाल्याने उचलला, भोंगा झाला, निळे एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागले. इल्यांगने तोंडावर हात दाबून धरला होता. तिने बघितलं होतं, आणि त्याला सांगायला तिची जीभ उचलत नव्हती. एवढंच झालं होतं.

"चालतंय," दोरो तिच्या छातीवर कान ठेवून म्हणाला. "चालतंय ग." आणि मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. एकदाही मागे वळला नाही. "काय झालं?"

इल्यांगने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "जिंकलो," ती म्हणाली.

ती निळ्या-पिवळ्यात पुन्हा चुकली की जाणून खोटं बोलली, की तिला आणखी काही म्हणायचं होतं, मला आजवर समजलेलं नाही. बाहेर बुलकानवाले ताटं बडवत होते. मीही बडवायला हवं होतं. मी ती खाऊची पिशवी हातात घेऊन तशीच घरी गेले.

सकाळी दोरो तोंडात खिळे धरून बूट ठोकत होता. कुलास जाता जाता ओरडला, "काय कुम्पारे, जिंकलात म्हणे!"

"हरलो ते माहीत आहे मला," दोरो खिळे हातात काढून म्हणाला. "बाहेर तुम्ही बोंबलत होतात ते काय ऐकू आलं नाही? पण तिचा चेहरा मी बघितला."

"बरं, पुढच्या मोसमात तरी आत बसा. नाव बदललंय, माणसंही बदलतील. अहो, एखादा तरी सामना बघायला मिळावा माणसाला!"

दोरोने बूट मांडीवर पालथा घातला. आत इल्यांग भांडी घासताना कुणाला तरी ओरडत होती, बहुतेक मांजराला. तो जरा वेळ ते ऐकत राहिला.

"देव करो आणि मरेपर्यंत न मिळो," तो म्हणाला, आणि खिळे परत तोंडात घेतले.