दामूने सांगितलेला क्रम

दामू आज सकाळी गेला.

तो नसता तर माझे कॉलेज दुसऱ्याच वर्षी सुटले असते.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, ठाण्याची. माझे वडील वेदपाठी. कल्याण-डोंबिवलीपर्यंत त्यांचे यजमान. मुंज झाल्यापासून मीही त्यांच्यापाशी जटापाठ आणि यज्ञवचनांचा अर्थ लावणारी मीमांसा शिकत होतो. जटेत मंत्रातले दोन शब्द आधी सरळ म्हणायचे, मग उलट, मग पुन्हा सरळ. शब्द असे मागेपुढे फिरले तरी मंत्राला बाध येत नाही.

ही सवय माझ्या हाडीमाशी खिळली होती. तीच मला नडली.

दामू जवळच्या बाळकुम गावचा. घर मिठागरात राबणारे. कॉलेजची पायरी चढलेला त्या घरातला तो पहिला. वर्गात आम्ही एका बाकावर बसत असू.

दुसऱ्या वर्षी मॅट्रिक्स शिकवायला घेतल्या. कागदावरचा प्रत्येक बिंदू एका नियमाने हलवायचा आणि तो नियम आकड्यांच्या चौकटीत मांडायचा. मी गोंधळलो. दामूला ते लगेच उमगले.

"अरे, पूर्वेचं एक पाऊल कुठं जातं ते पहिल्या खांबात, म्हंजी उभ्या ओलीत, लिव. उत्तरेचं दुसऱ्या खांबात. बाकी सगलं त्यांच्या मागनं जातं."

तेवढे मला कळले. पण दोन मॅट्रिक्सचा गुणाकार आला की मी कोणतीही आधी घेई, कोणतीही नंतर. उलटसुलट केल्याने काय बिघडते?

सहामाहीत गणितात नापास झालो.

वडिलांनी निकाल वाचला, घडी घालून परत दिला. "पुरे झाले कॉलेज. सोमवारपासून माझ्याबरोबर कल्याणला यायचे."

त्यांना उलट उत्तर देण्याची आमच्या घरात रीत नव्हती. मी दामूपाशी रडलो. रविवारी तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"काका, याला कॉलेजातून काडू नका. याची एकच चूक हाय. ती बी तुमच्यामुलं."

आई माजघराच्या दारापर्यंत आली.

"माझ्यामुळे?"

"तुमी शिकवलंत ना, उलटं म्हटलं तरी चालतं?"

"जटेत चालते."

"म्हनन्यात चालतं, काका. करन्यात नाय."

त्याने अंगणात एक काडी ठेवली. टोक पूर्वेला.

"आता दोन कामं. एक, काडी डावीकडं काटकोनात वलवायची. दोन, ती पूर्वेला जेवढी पसरली असंल तेवढं दुप्पट करायचं. आदी वलवली. गेली उत्तरेला. पूर्वेला काय उरलंच नाय, दुप्पट कशाचं करू? काडी तेवढीच राहिली."

मग त्याने काडी पुन्हा पूर्वेकडे केली आणि पुढे दुसरी जोडली. "आता उलटं. आदी दुप्पट. मंग वलवली. झाली का नाय दोन काड्यांची?"

वडील ओटीवरून उतरून काड्यांपाशी आले.

"हे तुला कोणी शिकवले?"

"प्रोफेसरांनी. पन आमच्या आजोबाला बी ठाव होतं. आदी पानी सुकवायचं, मंग मीठ ओढायचं. उलटं केलं तं पाटीत नुसता चिखल."

वडील हसले. मोठ्याने हसले. आणि माझ्याकडे वळले.

"गाढवा, मीमांसेत काय शिकलास? ग्रंथात आहुती आधी सांगितली आहे आणि पेज शिजवणे नंतर. म्हणून न शिजवलेल्या पेजेची आहुती देतोस का? लिहिण्याचा क्रम निराळा, करण्याचा निराळा!"

दामूने टाळीच वाजवली. "काका, आमच्या गुनाकारात तसंच! उजवीकडं लिवलेलं आदी करायचं!"

"असे?" वडील म्हणाले. "वर ये. बस."

बाळकुमची माणसे मीठ घेऊन आमच्या अंगणापर्यंत येत. त्यांच्यापैकी कोणाला ओटीवर पाट मांडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आईने वडिलांना आणि दामूला गूळपाणी दिले. मला वार्षिक परीक्षेपर्यंत मुदत मिळाली. दामूने रोज संध्याकाळी शिकवले. मी पास झालो.

पुढे मी गणिताचा प्राध्यापक झालो. दामूवर घराची जबाबदारी पडली. तो पदवी घेऊन मिठागरातच राहिला आणि बाळकुमच्या मुलांना गणित शिकवत राहिला.

मी दरवर्षी वर्गात ते मिठाचे आणि चिखलाचे वाक्य सांगत असे. वर्ग हसे. कोणीही मॅट्रिक्सचा क्रम पुन्हा चुकत नसे. वाक्य कोणाचे, हे मी एकदाही सांगितले नाही.

एकदा दामूपाशी हे कबूल केले. तो म्हणाला, "पोरांना कललं ना? मंग झालं तं."

झाले नाही, दामू. मंत्र म्हणण्यापूर्वी त्याच्या ऋषीचे नाव घ्यावे, ही आमची शिस्त. मंत्रांच्या बाबतीत मी ती जन्मभर पाळली. तुझ्या बाबतीत पाळली नाही.

माझे जे विद्यार्थी हे वाचत असतील त्यांना सांगतो, ते वाक्य बाळकुमच्या दामूचे.

मित्रा, तुला हात जोडून, भरल्या मनाने निरोप.